गोड तीर्थ

"खालचं पाणी डोळ्यांनीच प्या. दहा मिनिटांत गाडी निघेल," गाईडनं शिट्टी फुंकली.

सहा देवळांच्या दर्शनात आणि महाप्रसादाच्या रांगेत दिवस सरला होता. यात्रेकरू लोणारच्या काठावर पोचले तेव्हा ऊन कललं होतं. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका सरकटेबाईंनी एकतीस वर्षं हे खारं सरोवर फळ्यावर काढलं होतं. पाहत मात्र त्या प्रथमच होत्या : खोल, हिरवं, स्वतःच्याच विचारात बुडालेलं. त्याचा खारटपणा एकदा तरी जिभेवर यावा, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या.

"पायऱ्या उतरायला वेळ नाही, बाई. म्हणून तर काल मी स्वतः हे तीर्थ भरून आणलं," म्हणत गाईडनं बाटलीतून प्रत्येकाच्या तळहातावर चार थेंब सोडले.

"अगं बाई, गोड!" कुणीतरी ओरडलं. "खाऱ्या तळ्याचं पाणी गोड! देवीची कृपा!"

हात जुळले, मोबाइल उंचावले. गाईड क्षणभर गडबडला. मग त्यानंही भक्तिभावानं डोळे मिटले.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. हा चमत्कारच ना?" एका यात्रेकरूनं विचारलं.

बाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. चव ओळखीची होती. दुपारी महाप्रसादाच्या पंगतीत याच पाण्याचे दोन पेले त्या प्यायल्या होत्या.

"खाली जाऊन चाखते, मग सांगते." त्यांनी पदर खोचला आणि त्या पहिली पायरी उतरल्या.

"बाई, गाडी सुटेल!"

"सुटू दे. एकतीस वर्षं मी मुलांना न चाखताच खारं सांगितलंय."