गुरुवारी झोपणारी रोपं

रोपवाटिकेतल्या जांभळ्या दिव्यांखाली वाढलेली वांग्याची रोपं सुगंधाताईंनी सोमवारी शेतात लावली. गुरुवारी भर उन्हात सगळ्या रोपांनी पानं मिटून माना टाकल्या. माती तर ओली होती, कीडही दिसेना. मर रोग लागला असं समजून ताईंनी निम्म्या वाफ्यांतली रोपं उपटून बांधावर टाकली आणि रोपवाटिकेच्या भास्करला फोन लावला.

"ताई, आमच्याकडे दर गुरुवारी दिवसभर वीज नसते. दिवे बंद, की रोपं झोपतात. तेच अंगवळणी पडलं असेल."

"अरे, पण इथं डोक्यावर सूर्य आहे ना!"



शुक्रवारी, रोपवाटिकेत पहाटे दिवे लागतात त्या वेळेला, अजून उजाडलंही नव्हतं, तेव्हा वाफ्यातली रोपं ताठ उभी राहिली. बांधावरच्या ढिगातही, मुळं सुकलेल्या रोपांची पानं उघडत होती.