साताऱ्याची मुलाखत

मिहीरने मुलाखतीचं पत्र टेबलावर आपटलं. "साताऱ्याच्या त्या जोडप्याचा मुलगा गेला, म्हणून मी त्याच्या आठवणी डोक्यात भरून घ्यायच्या? स्वतःला विसरून त्यांना आई-बाबा म्हणायचं? असली नोकरी नको मला. मी नाही जाणार, आई."

कुमुदताई मेथी निवडत होत्या. "तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे यायलाही तू असाच नाही म्हणत होतास म्हणे," त्या म्हणाल्या. "आमचा मिहीर धरणात बुडाला, तेव्हा तुला आणलं. आता आम्ही सावरलोय. तुझा करार आज संपला."

"पण मला सगळं आठवतंय! शाळेतलं, आजोळचं..."

"आठवणारच. आम्हीच बसून सांगितलं होतं ना त्या आठवणी भरणाऱ्या कंपनीला."

त्याने टेबलावरचं पत्र उचललं. "मग माझं खरं नाव काय?"

"ते आम्ही विचारलं नव्हतं."

त्याने पत्र खिशात कोंबलं, चपला घातल्या. "जातो," उंबऱ्यावर तो मुद्दाम म्हणाला आणि थांबला. एरवी तो नुसता कोपऱ्यावर दूध आणायला निघाला, तरी या शब्दाला कुमुदताई आतून ओरडायच्या, "जातो नाही, येतो म्हणावं!"

कुमुदताईंनी उठून दार लावलं आणि उरलेली मेथी निवडायला घेतली.