घरातला नळ

"थांब. आधी नळाचं घोटभर पाणी पाज," आई पुटपुटली, आणि तिला बाहेर न्यायला वाकलेली डेझबा थांबली.

नवाहो लोकांत माणूस अखेरच्या घटका मोजू लागला की त्याला उघड्यावर नेतात. जीव घरात गेला, तर त्या घरात पुन्हा कुणी पाऊल टाकत नाही. डेझबाला हे पक्कं ठाऊक होतं. पण आईने उभा जन्म वीस मैलांवरून पाण्याची पिंपं भरून आणली होती, आणि मिशनवाल्यांनी नळ बसवून आज तिसराच दिवस होता. एका घोटाला असा कितीसा वेळ लागणार?

तिने पेला आईच्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून ओघळून गळ्यापर्यंत आलं. आई गेली होती.

आठवड्याने मिशनचे पास्टर आले. दाराला ठोकलेल्या फळ्या बघून त्यांना भरून आलं. "आत भूतबीत काही नाही हो. मी प्रार्थना करतो, तुम्ही घरात चला. इतकं गोड पाणी आहे."

"माहीत आहे," डेझबा म्हणाली. "मीच पाजत होते."

मग तिने रिकामी पिंपं गाडीत चढवली.