जुलाब बंद करायची गोळी

माझ्या आठ महिन्यांच्या रिदवानला जुलाब लागले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फक्त ओआरएस आणि झिंक सांगितलं होतं. खुलना शहरातल्या आमच्या गल्लीतला औषधवाला मोताहारभाई हसला. "नुसत्या पाण्यानं कुठे जुलाब थांबतात, भाबी? ही अर्धी गोळी द्या, लगेच बंद! तुम्ही शिकलेल्या बायका शंकाच फार काढता." सासूबाईंनी मान डोलावली आणि पुडीतली गोळी मी माझ्या हातानं भरवली.

आज जुलाब बंद आहेत. पोट टम्म फुगलंय आणि बाळ डोळे उघडत नाही. हॉस्पिटलला जाताना मी त्याच्या दुकानासमोर रिक्षा थांबवली. "त्या गोळीचं नाव लिहून द्या, डॉक्टर विचारतील!" मी ओरडले. त्यानं हातानंच 'थांबा' म्हटलं. फोनच्या स्पीकरवर त्याची मुलगी रडत होती. "अब्बा, छोटीला सकाळपासून जुलाब होताहेत. ती बंद करायची गोळी पाठवा ना."

 

"डोकं फिरलंय का तुझं?" तो तिच्यावर खेकसला. "तान्ह्या लेकराला ती गोळी देतात होय? ओआरएस पाज आणि झिंक दे!"