थोरल्या भावोजींचा भात

गाइड मुलीनं कर्णा तोंडाशी धरून पुन्हा एकदा सांगितलं, की पिवळ्या रेघेपुढे कुणी जायचं नाही, सैनिकांचे फोटो काढायचे नाहीत आणि टेहळणीच्या गच्चीवर काही खायचं-प्यायचं नाही. शेवटचं सांगताना ती म्योंगजाच्या हातातल्या बोचक्याकडे बघत होती. म्योंगजाला त्या पोरीची कीव आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

बोचक्यात झाकणाचा पितळी वाडगा होता, वाडग्यात भात. पहाटे उठून तिनं तो शिजवला, टॉवेलात गुंडाळला आणि सोलपासून इथवर, तपासणीच्या प्रत्येक नाक्यावर उघडून दाखवत, पोटाशी धरून आणला. ज्यांच्यासाठी आणला त्या थोरल्या भावोजींना तिनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं. लढाईत सगळे गाव सोडून दक्षिणेकडे निघाले तेव्हा बैलाला चारा घालून आलोच, असं म्हणून ते मागे राहिले होते. मग मधे सरहद्दीच्या तारा आल्या आणि गाव पलीकडे राहिलं.

परत यायच्या माणसाचा भात झाकून उबेला ठेवायचा आणि चमचा शेजारी आडवा ठेवायचा. गेलेल्या माणसाच्या भातात चमचा उभा खोवायचा. भांडण एवढ्यावरच होतं आणि बस सुटल्यापासून चाललं होतं. तिच्या नवऱ्याचं, गिह्वानचं म्हणणं, आज नवव्या महिन्याची नवमी. ज्यांच्या मरणाची तारीख कुणाला ठाऊक नाही त्यांचं आजच करतात. सोमवारी त्याच्या पोटाचं ऑपरेशन होतं. त्याआधी त्याला हे उरकून टाकायचं होतं. नणंदेचं, बुनहीचं म्हणणं, उरकायला ती काय पाहुण्यांची भांडी आहेत?

वन्संनी दुर्बिणीचा ताबा घेतला होता. मागे रांग लागली. एक गृहस्थ खोकून बघत होते, पण वन्संना खोकला ऐकू जात नसे.

“धूर निघतोय,” त्या म्हणाल्या. “आपल्या टेकडीखाली. कुणाची तरी चूल पेटलीय.”

“गवत जाळत असतील, ताई.”

“तुला काय कळतंय? गाव सोडलं तेव्हा तू आईच्या पाठीवर झोपला होतास.”

“दादा आता नव्वदीच्या पुढे गेला असेल. इतकं कोण जगतं?”

“मी जगतेय की. तुला छळायला.”

गिह्वाननं चमचा बाहेर काढला. घरातला जुना, लांब दांडीचा पितळी चमचा. त्यानं तो मुठीत आवळून धरला. रागानं की दुखण्यानं, ते म्योंगजाला आताशा ओळखू येईनासं झालं होतं.

“मी सोमवारी आत गेलो आणि बाहेर आलोच नाही, तर त्याचं कोण करणार? तू करशील?”

वन्संनी दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही. “तू भातात चमचा उभा केलास की दादा मेला,” त्या म्हणाल्या. “तोवर नाही.”

म्योंगजाचे पाय भरून आले होते. ती म्हणाली, की बहीणभावांनी काय ते एकदाचं ठरवावं, भात निवतोय. कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. गिह्वाननं झाकण उचललं आणि वाफेची एक बारीकशी रेघ वर गेली, तेवढ्यात गाइड मुलगी धावत आली. तिच्यामागे एक सैनिक आला, नातवाच्या वयाचा. तो अदबीनं म्हणाला, की आजोबा, इथे नाही चालत, खाली बागेत यासाठीच तर वेदी बांधलीय. गिह्वान म्हणाला, वेदीवरून गाव दिसत नाही. सैनिकानं पहिलंच वाक्य पुन्हा म्हटलं. गाइड मुलगी काकुळतीला आली होती. बस निघायला हवी, पुढे तिकडच्या सैन्यानं तारांखालून खणलेलं भुयार बघायची वेळ ठरलेली, ती चुकली की सगळ्यांचं भुयार राहील.

“कुणाला बघायचंय भुयार?” गिह्वान खेकसला.

“मला,” वन्सं म्हणाल्या. “निदान तिकडच्यांनी यायला खणलं तरी.”

गिह्वाननं चमचा कोटाच्या वरच्या खिशात खुपसला आणि तरातरा बसकडे निघाला. म्योंगजानं झाकण लावलं, टॉवेल घट्ट गुंडाळला आणि दोघांना मनातल्या मनात एक-एक शिवी दिली. थोरल्या भावोजींनाही एक दिली. एवढा वेळ बैलाला कोण चारा घालतं?

भुयार बघून बस परत निघाली तेव्हा गिह्वान खिडकीशी तोंड उघडं टाकून झोपला होता. या महिन्यात त्याचं तोंड किती लहान झालं होतं. शेजारी मांडीवर वाडगा घेऊन म्योंगजा बसली होती, आणि मधली वाट सोडून पलीकडे वन्सं. त्या बराच वेळ भावाकडे बघत होत्या. म्योंगजानं त्यांच्या नजरेमागून नजर नेली.

त्याच्या छातीवरच्या खिशात चमचा होता. वाटी खाली, दांडी वर. बसच्या हेलकाव्यांबरोबर डुलत होता, पण उभा होता.

वन्सं उठल्या. बस चालू असताना कुणी उभं राहू नये, असं गाइड मुलीनं कर्ण्यावरून सांगितलं. वन्संना ते ऐकू गेलं नाही. एका हातानं म्योंगजाचा खांदा धरून त्या वाकल्या, त्याला जाग येणार नाही अशा बेतानं दोन बोटांनी चमचा ओढून काढला आणि म्योंगजाच्या मांडीवर, टॉवेलाशेजारी, आडवा ठेवला.

“अजून ऊब आहे का गं?”

म्योंगजानं टॉवेलात हात घालून पाहिलं. “आहे थोडी.”

“मग उठला की यालाच वाढ,” वन्सं म्हणाल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.