क्लबातल्या खुर्चीचं कातडं

इंग्रज गेले आणि त्यांच्या एका क्लबातलं सामान लिलावात निघालं. तिथे पूर्वी बेअरा असलेला कवडू एक आरामखुर्ची डोक्यावर घेऊन थेट सीताबर्डीवर ताराचंदच्या दुकानात आला.

"हिचं कातडं काढ अन् मले जाकीट शिवून दे."

ताराचंद चामड्याच्या बॅगा आणि जाकिटं शिवायचा. त्याने कोरं कातडं पुढे टाकलं. "बकऱ्याचं घे, कवडूभाऊ. मऊ राहते. खुर्चीचं कातडं कोणी अंगात घालते का?"

"मी घालतो."

ताराचंदने नाइलाजाने कातडं उसवलं आणि उजेडात धरलं. मधोमध जळून पडलेलं भोक होतं. "हे काखेखाली घेतो. कोणाले दिसणार नाही."

"छातीवर घे."

"काहून गा? शोभन का ते?"

कवडूने भोकात बोट घालून पाहिलं. "साहेबाच्या चिरुटानं पडलं हे. पण साऱ्या क्लबासमोर त्यानं ते माह्या नावावर टाकलं अन् मले कामावरून हाकललं. आता माहीच वस्तू मी काखेत लपवून काहून फिरू?"