उपाशी गोधडी

परदेशी कंपनीच्या बाईंनी तपासणीसाठी गोधडीचा कोपरा उसवला, तर आतून वाळक्या भाकरीचा तुकडा टेबलावर पडला.

"हे कुणी केलं?" आमच्या शिवणकेंद्राच्या मॅडम ओरडल्या.

"मी. सगळ्याच गोधड्यांत आहे," मी म्हणाले. "शेवटच्या टाक्याआधी आम्ही घास ठेवतो. गोधडी उपाशी धाडली, तर ऊब देत नाही."

"गेली ऑर्डर, आक्का!" म्हणत मॅडमनी कपाळाला हात लावला, पण माझं म्हणणं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी तुकडा तळहातावर घेतला आणि हळूच काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात त्या?" मी मॅडमना विचारलं.

"शिवणाऱ्या बायका जेवल्या का, विचारतात."

तीन वाजले होते. सगळ्यांचे डबे बंदच होते.

"सांगा त्यांना, तारीख त्यांच्याच कंपनीनं दिलीय. ती गाठायची तर दुपारी सुई खाली ठेवता येत नाही."

मॅडमनी चाचरत तेही सांगितलं. बाईंनी तिथूनच फोन लावला, बराच वेळ भांडल्या. तारीख पंधरा दिवस पुढे गेली. आम्ही डबे उघडले.

जेवून आले, तेव्हा बाई तो तुकडा आत सारून कोपरा स्वतःच शिवत होत्या. टाके वाकडेतिकडे आले होते.

मी उसवले नाहीत.